इतिवृत्तातला अनुमोदक

अहो, ‘मिनिट्स’ नव्हे, वल्लरीबाई — इतिवृत्त. उद्यापासून आपण मुख्याध्यापक मंडळाच्या कार्यवाह, तेव्हा हा शब्द जिभेला आजच लागलेला बरा. इति म्हणजे असे, वृत्त म्हणजे घडलेले. असे घडले — एवढाच त्याचा अर्थ, आणि एवढा कठोर. असे घडावे, असे घडले असते तर शोभले असते, यांपैकी काहीही त्यात बसत नाही. ही व्याख्या मी प्रत्येक नव्या सभासदाला ऐकवत आलो — एकोणीस वर्षं, याच खोलीत, याच टेबलामागून — आणि ऐकवताना दर वेळी माझा आवाज थोडा चढायचा. बसा ना. ती खुर्ची नको, ती डुगडुगते; ती आम्ही पाहुण्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवली होती, म्हणजे ते फार वेळ बसत नसत.

लेख वाचला मी आपला. भाषा स्वच्छ आहे. विशेषणं दोन ठिकाणी जास्त झाली आहेत, आणि माझ्यासाठी ‘निर्भीड’ हा शब्द तीनदा आला आहे. एखादा गाळलात तर मला वाईट वाटणार नाही. रविवारी मंडळाचा सुवर्णमहोत्सव, स्मरणिका आज छपाईला जायची, आणि लेखाखाली ‘तपासले, बरोबर आहे’ अशी माझी सही हवी — एवढ्यासाठी आपण शनिवार पेठेतले हे उभे जिने चढून आलात. आणि मूळ नोंद पडताळून घ्यावी म्हणून ती निळ्या पुठ्ठ्याची वही मीच आपल्या हातात दिली. आपण मागितलीही नव्हती. पडताळणीचा सोस, दुसरं काय. आता त्या वहीतून जो कागद पडला, तो तिथे असल्याचं मी विसरलो होतो — नाही, विसरलो नव्हतो. कुठल्या वहीत आहे ते विसरलो होतो — तेही खरं नाही. जाऊ द्या. वाचा खुशाल, पण आधी ऐका. नुसता वाचलात तर मी आहे त्याहून वाईट ठरेन, आणि ऐकलात तर — ते ऐकल्यावर आपणच ठरवा.

आपलं मंडळ कसं चालतं ते आधी सांगतो, कारण नियमावलीत ते सापडणार नाही. नियमावली मीच लिहिली आहे. दर तीन वर्षांनी निवडणूक होते, म्हणजे होत नाही — बिनविरोध होते. अध्यक्ष पेठेतल्या शाळेचा असला तर उपाध्यक्ष उपनगरातला, पुढच्या खेपेला उलट. कार्यवाह मात्र अष्टेकर, कारण अष्टेकरांचं अक्षर चांगलं. या एका गुणावर मी एकोणीस वर्षं काढली. मंडळाचं कार्य काय? निवेदन देणे. शिक्षकेतर पदांविषयी निवेदन, ऑनलाइन माहिती दिवसातून तीनदा भरायला लावतात त्याविषयी निवेदन. अधिकारी उभ्याउभ्या ते घेत, आम्ही पाच जण त्या कागदाच्या एकेका कोपऱ्याला हात लावून उभे राहत असू — कागदाला कोपरे चारच, म्हणून पाचवा माणूस अधिकाऱ्यांच्या कोपराला हात लावी — छायाचित्र निघे, आणि निवेदन ज्या कपाटात जाई, त्या कपाटाला त्या कार्यालयात आमच्या मंडळाचंच नाव पडलं होतं असं मी ऐकून आहे. मी निषेध फार उत्तम लिहीत असे. ‘तीव्र’, ‘तीव्रतर’ आणि ‘अत्यंत खेदपूर्वक’ यांच्यातलं अंतर मला जितकं कळे, तितकं ते कुणालाच कळत नसे, आणि हेच माझं सुख होतं.

आणि आता ती पद्धत. कार्यकारिणीची सभा दुसऱ्या शनिवारी, दुपारी चारला. इतिवृत्त मी लिहीत असे शुक्रवारी. — आपल्याला नीट ऐकू आलं. आदल्या दिवशी, शुक्रवारी. अहो, एकोणीस वर्षांत एक ठराव फेटाळला गेला असेल तर शपथ. सगळं सर्वानुमते. मग सभा झाल्यावर घाईघाईत वेडंवाकडं लिहिण्यापेक्षा आदल्या दिवशी सावकाश, शाईच्या पेनानं, समास सोडून लिहिलेलं काय वाईट? सूचक आणि अनुमोदक यांचीही मी पाळी लावून ठेवली होती, म्हणजे कुणाला डावललं असं वाटू नये. या महिन्यात अमक्यांनी ठराव मांडायचा, तमक्यांनी त्याला अनुमोदन द्यायचं, आणि मंडळीही इतकी सरावलेली की आपलं नाव आलं की वडा खालच्या बशीत ठेवून हात वर करीत. सभेनंतर मला वहीत एकच गोष्ट भरावी लागे — सभा किती वाजता संपली. शनिवारी संध्याकाळी मी सही करायचो आणि सोमवारी सकाळी साडेदहाला वेणूबाई वहीवरून टंकलिखित प्रती काढून शिक्षणाधिकाऱ्यांना, उपसंचालकांना आणि दोन वर्तमानपत्रांना पाठवीत. वेणूबाई आपण पाहिल्या नसतील. या खोलीची किल्ली, टंकयंत्र आणि चहा, तिन्ही त्यांच्याकडे. बोलायच्या कमी. ज्या दिवशी बोलत, त्या दिवशी माझं जेवण जात नसे.

ओव्हाळबाईंचं प्रकरण आपल्या लेखात आहे, पण फार हलक्या हातानं आहे. जया ओव्हाळ, धायरीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वडील टपाल खात्यात होते, घरात धम्मदीक्षा आजोबांपासूनची. बाई गणित शिकवीत आणि हिशेब सोडवावा तशा वागत — पायरी गाळायची नाही. संस्थाचालक जयसिंगराव. गावची जमीन शहरात आल्यावर जे होतं ते त्यांचं झालं होतं, म्हणजे भलंच झालं होतं. शाळेच्या मागं त्यांच्या तीन इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या इमारतींना रस्ता हवा होता तो नेमका शाळेच्या मैदानातून. मुख्याध्यापिकेचं ‘हरकत नाही’ असं पत्र हवं होतं. बाईंची हरकत होती. त्यांनी ती लिहून दिली, वर शिक्षण खात्याला कळवली. मग बाईंविरुद्ध बेशिस्तीचा ठपका आला, निलंबनाचा प्रस्ताव खात्याकडे गेला, सुनावणीची तारीख लागली — सभेनंतरचा मंगळवार. त्यांच्या नोकरीची आठ वर्षं राहिली होती. मुलगा समाधान बारावीत. निलंबन एकदा झालं की वर्षानुवर्षं चौकशी, आणि मैदान तोवर डांबरी.

बाई मंडळाकडे आल्या. नियमानं आल्या — पंधरा दिवस आधी लेखी विषय दिला. मी तो विषयपत्रिकेवर घेतला, आणि शुक्रवारी वही उघडून बसलो. वल्लरीबाई, तो ठराव आपण वाचलात. खरं सांगा, चांगला आहे की नाही? ‘विद्यार्थ्यांच्या क्रीडांगणाचे रक्षण हा जर अपराध असेल, तर या शहरातील प्रत्येक मुख्याध्यापक त्या अपराधात सहभागी आहे, आणि निलंबनास अनुमती मिळाल्यास आम्ही सर्व जण त्याच दिवशी आपापल्या पदाचा कार्यभार शासनाकडे सुपूर्द करू.’ अहो, लिहिताना माझेच डोळे भरून आले. लिहिताना मी फार शूर असतो. सूचक श्रीमती ओव्हाळ. अनुमोदक — पाळीच्या यादीत त्या महिन्यात नाव माझं होतं — बद्रीनाथ अष्टेकर. सर्वानुमते मंजूर. वाळू द्यायला वही उघडी ठेवली आणि घरी जाऊन शांत झोपलो.

शनिवारी बारा जण जमले. इथे आपल्या डाव्या हाताला साईनाथ सर, तेव्हाचे अध्यक्ष, कर्वेनगरचे — गोड माणूस, नकार देतानाही समोरच्याला चहा घ्यावासा वाटे. विषय निघाला तसे ते म्हणाले की बाईंविषयी सर्वांनाच आदर आहे, परंतु. तो ‘परंतु’ बराच वेळ हवेत राहिला. मग हळूच आठवण करून दिली की आपलं वार्षिक अधिवेशन पुढल्याच महिन्यात आहे, आणि ते जयसिंगरावांच्या मंगल कार्यालयात आहे, चारशे मुख्याध्यापकांचं भोजन त्यांच्याकडून आहे, श्रीखंडाचा बेत ठरला आहे. श्रीखंड हा शब्द त्यांनी इतक्या खेदानं उच्चारला की मला वाटलं विषय संपला. कुणी बाईंच्या विरुद्ध बोललं नाही, हं. कुणी कुणाची जातही काढली नाही. आपली मंडळी सुशिक्षित. फक्त दोघे जण म्हणाले की बाईंचा स्वभाव जरा टोकाचा आहे, आणि तिसरे म्हणाले की ‘त्यांच्यात’ तसं असतंच. त्यावर आम्ही सगळे आपापल्या बशीत बघू लागलो. मीही. चटणी हिरवी होती.

बाई उठल्या. उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, पण त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मी ठराव मांडते आहे. अनुमोदक कोण?’ एवढंच. नियमावलीतलं कलम नऊ: अनुमोदकावाचून ठराव बारगळतो. तेच कलम पुढे सांगतं की कार्यवाहालाही अनुमोदनाचा अधिकार आहे — ती पुरवणी मीच मोठ्या अभिमानानं जोडली होती. बाईंनी अकरा जणांकडे क्रमानं पाहिलं, पायरी न गाळता, आणि शेवटी माझ्याकडे. वही माझ्यापुढे होती. पुठ्ठा मिटलेला, पण आत काय आहे ते मला पाठ होतं. त्यात मी आदल्या दिवशीच हात वर केला होता. फक्त तो आता वर करायचा होता. — काय केलं? पेनाचं टोपण लावलं. हो. टोपण लावायला दोन्ही हात लागतात, वल्लरीबाई. मी ते बराच वेळ लावत होतो. साईनाथ सर म्हणाले, ‘तूर्त हा विषय राहू द्यावा,’ आणि मी उठून खिडकी उघडली, वारा यावा म्हणून. वारा नव्हता. बाईंनी पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि जिना उतरल्या. सभा पाच वाजून दहा मिनिटांनी संपली. ते वहीत भरायला मी वही उघडली आणि मिटली; म्हटलं, ही पान बदलायची गोष्ट, सोमवारी सावकाश करू. सही केली नाही — एवढं तरी मी केलं नाही, हे मी स्वतःला पुढे कितीदा सांगितलं आहे.

सोमवारी मला सर्दी झाली. साधी सर्दी नव्हे. ज्या दिवशी काही खोडायचं असतं त्या दिवशी होते ती. दुपारी एकला मी इथे पोहोचलो तेव्हा प्रती गेल्या होत्या. साडेदहाला, नेहमीप्रमाणे, वेणूबाईंच्या हातून, खाली ‘सही/- बद्रीनाथ अष्टेकर, कार्यवाह’ असं टंकून. मी म्हटलं, ‘अहो वेणूबाई, हे काय केलंत?’ त्या म्हणाल्या, ‘सर, वहीत आहे ते गेलं. तुम्हीच सांगता ना, वहीत आहे ते झालं म्हणून.’ शनिवारी चहा देताना त्या याच खोलीत होत्या, त्या दाराशी. ती चूक होती की नव्हती, हे मी कधीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

मंगळवारी सकाळी वर्तमानपत्रात आमच्या शौर्याची वार्ता. ‘मुख्याध्यापक आक्रमक, कार्यभार सोडण्याचा इशारा’. सकाळी सातला साईनाथ सरांचा दूरध्वनी — माझ्या तोवरच्या आयुष्यात मला कुणी इतक्या हळू आवाजात इतकं वाईट बोललं नव्हतं. पण नऊ वाजता त्यांचाच दुसरा. आवाज निराळा. नाशिकहून, साताऱ्याहून अभिनंदनाचे दूरध्वनी आले होते, आणि त्यांच्या कन्येनं, राजनंदिनीनं, ती बातमी कापून फ्रिजवर लावली होती. म्हणाले, ‘अष्टेकर, कुणी विचारलंच तर ठराव एकमतानं झाला.’ म्हटलं, ‘सर, आपण तर…’ म्हणाले, ‘माझा अंतःकरणातून पाठिंबा होताच.’ अकरा जणांपैकी एकानंही खुलासा केला नाही. करणार कसा? ‘आम्ही इतके शूर नाही’ असा खुलासा कोण करतो? जो तो आरशापुढे उभा राहून स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय करून घेत होता. दुपारपर्यंत प्रत्येकाला आठवू लागलं होतं की आपणच पहिला हात वर केला.

मी मात्र सत्यनिष्ठ. मला हे सहन होईना. हसू नका — मला खरोखरच असं वाटलं की हे इतिवृत्त आहे, आणि इतिवृत्तात न घडलेलं जाता कामा नये. बाईंचं काय व्हायचं ते होवो, शब्दाची अब्रू राहिली पाहिजे. तत्त्वाचा साक्षात्कार मला नेमका अधिवेशनाच्या तोंडावर व्हावा, याचं तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. तो कागद, तो आपल्या हातातला, मी त्या सकाळी लिहिला. शुद्धिपत्र. ‘दि. अमुक रोजीच्या सभेतील ठराव क्रमांक चार हा अनुमोदकाअभावी बारगळला असून, अनवधानाने पाठविण्यात आलेली प्रत रद्द समजावी.’ ‘अनवधानाने’ किती सुरेख पडलाय पाहा. सुनावणी बाराला होती. मी साडेअकराला शिक्षण खात्यात हजर.

आणि व्हरांड्यात बाकावर ओव्हाळबाई. मांडीवर फाइल, फाइलवर ते वर्तमानपत्र घडी घालून. मला पाहून सरकल्या, जागा केली. मी बसलो. कागद खिशात. त्या समोर बघत बोलल्या — आवाज नेहमीचा, फळ्यावर उदाहरण समजावून सांगतात तसा — म्हणाल्या, ‘शनिवारी तुमचा हात वर गेला नाही तेव्हा मला वाईट वाटलं, सर. पण घरी गेल्यावर तुम्हाला राहवलं नाही, आणि तुम्ही ते वहीत लिहिलंत. तेवढं पुरे. सगळ्यांना तेवढंही होत नाही.’ कळलं का आपल्याला? त्यांना वाटलं, मी पश्चात्तापानं लिहिलं. शनिवारी नंतर, धैर्य करून. शुक्रवारी लिहिलं होतं हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं — सभेच्या आधी सभेचं वृत्त कोण लिहील? तसं करायला आमच्यासारखं मंडळ लागतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘चालायचंच.’ चालायचंच, म्हणालो.

आणि उठलो आणि आवक खिडकीशी गेलो. — हो, गेलो. त्यानंतर गेलो. लिपिकानं कागद वाचला. दोनदा वाचला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं, मग म्हणाला, ‘सर, याच्यावर सही नाहीये. सहीशिवाय आवक होत नाही.’ आणि पेन पुढे केलं. बाकापासून खिडकी दहा पावलांवर. बाई मला पाहत होत्या. मी छाती चाचपली, खिसे चाचपले. म्हटलं, ‘चष्मा घरी राहिला.’ तो म्हणाला, ‘डोळ्यावर आहे, सर.’ मी म्हटलं, ‘हा लांबचा.’ आणि कागद घडी करून परत आलो. बस्स. एवढाच माझा पराक्रम. अनुमोदनाला हात वर गेला नाही आणि माघारीला सही झाली नाही. पहिल्यावर बाई बुडणार होत्या, दुसऱ्यावर वाचल्या. खात्यानं निलंबनाला अनुमती दिली नाही. मैदान अजून आहे, तिथं मुली खो-खो खेळतात. जयसिंगरावांनी मंगल कार्यालय नाकारलं, अधिवेशन कर्वेनगरच्या शाळेत झालं, चारशे मुख्याध्यापकांनी स्वाभिमानानं उपमा खाल्ला. आणि मी अनुमोदक झालो. अकरा वर्षं लोक मला समारंभांत पुढच्या रांगेत बसवतात. सुरुवातीला मी ‘छे छे’ म्हणायचो; तो विनय समजला गेला, तेव्हा तेही सोडून दिलं.

बाई गेल्या महिन्यात निवृत्त — काय म्हणालात? तीन वर्षांपूर्वी? बरोबर, आठ वर्षं राहिली होती, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच. निवृत्त झाल्या, सन्मानानं. आणि रविवारी त्यांच्याच हस्ते मला शाल. त्यांनीच सुचवलं म्हणे. हे आपण पहिल्या वाक्यात सांगितलंत आणि तेव्हापासून मी आपल्याशी खुर्ची, विशेषणं आणि चटणी यांच्याविषयी बोलतो आहे. ती शाल मी खांद्यावर घेऊ शकेन, माहीत आहे ना? सहज घेईन. सवय आहे. हात जोडीन, डोळेही भरून येतील, आणि ते खोटे नसतील, हीच तर अडचण.

तो कागद द्या इकडे. आणि पेन. — चष्मा आहे, बघा, डोळ्यावरच आहे. तारीख आजची घालतो. मागची घालायचा मोह होतो आहे, हात आपोआप तिकडे वळतो, पण नको. ‘बद्रीनाथ अष्टेकर’. झालं. आपल्या लेखाखाली नाही करत सही. हा कागद लेखाच्या जागी छापा, जसा आहे तसा. फक्त ‘अनवधानाने’ खोडा. आणि आवक क्रमांक घालून मला पोच द्या — आपण कार्यवाह आहात, उद्यापासून असलात तरी. रविवारच्या आधी तो बाईंना मी स्वतः नेऊन दाखवीन. धायरीची बस कुठून सुटते हल्ली? असो, विचारीन कुणाला.

खाली एक ओळ तुमच्या शब्दांत लिहा, मला आता शब्दांचा भरवसा नाही. लोक सांगतात की त्या शनिवारी ओव्हाळबाईंसाठी मी उभा राहिलो. चूक आहे ते. उठलो होतो ते खिडकीसाठी. बाईंसाठी त्या खोलीत एकच व्यक्ती उभी होती, ती म्हणजे बाई स्वतः, आणि त्यांना अनुमोदक मिळाला नाही. हे लिहा.

आता निघा. छापखाना सहाला बंद होतो.